जॅझची रेकॉर्ड वाकडी निघाली तर? ओव्हन, इस्त्री आणि उन्हाच्या नादी लागण्याआधी हे वाचा

एखादा माणूस तेच तेच बोलायला लागला की आपण म्हणतो, "याची पिन अडकलीये." असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी खरी पिन आणि खरी रेकॉर्ड आयुष्यात कधी पाहिलेली नसते. पण गेल्या काही वर्षांत चित्र बदललंय. इन्स्टावर रील्स बघता बघता कुणाच्या तरी दिवाणखान्यात फिरणारी काळी तबकडी दिसते, मागे ट्रम्पेट वाजत असतो, आणि बघणारा दोन महिन्यांत टर्नटेबल घरी घेऊन येतो.

जॅझच्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

समजा एखाद्याने महिनाभर वाट बघून जपानहून बिल एव्हान्सची 'वॉल्ट्झ फॉर डेबी' मागवली. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये २५ जून १९६१ रोजी झालेलं हे रेकॉर्डिंग. पियानोच्या मागे ग्लास किणकिणतात, लोक कुजबुजतात, सगळं ऐकू येतं. डबल बास वाजवणारा स्कॉट लफारो त्यानंतर अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला, वय फक्त २५. म्हणजे ही रेकॉर्ड नुसती गाण्यांची यादी नव्हे, त्या तिघांची ती शेवटची संध्याकाळ आहे.

पार्सल येतं. कस्टम ड्युटी भरून झालेली असते. कव्हर झकास. रेकॉर्ड टर्नटेबलवर ठेवली, बटण दाबलं, आणि तबकडी समुद्रातल्या होडीसारखी वरखाली व्हायला लागली. पियानोचा सूर लांबला की थरथरतो.

मग तो बिचारा यूट्यूब उघडतो. तिथे कुणी रेकॉर्ड ओव्हनमध्ये टाकतंय, कुणी दोन काचांमध्ये धरून गच्चीवर उन्हात ठेवतंय, कुणी टॉवेल टाकून चक्क इस्त्री फिरवतंय. बहुतेक चांगल्या रेकॉर्डची वाट इथेच लागते. वाकडेपणामुळे जेवढं नुकसान होतं, त्यापेक्षा जास्त नुकसान तो घाईघाईने काढायला गेल्यामुळे होतं.

मुळात रेकॉर्ड वाकते का?

एलपी हा प्रकार अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये बाजारात आणला. त्याआधीच्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्ड लाखेच्या असायच्या. हातातून पडल्या की फुटायच्या, पण सहसा वाकायच्या नाहीत. एलपी विनाइलची, म्हणजे पीव्हीसी कुळातल्या प्लास्टिकची. ती फुटत नाही. त्याबदल्यात ती उष्णतेला घाबरते.

कारखान्यात काय होतं बघा. विनाइलचे दाणे वितळवून त्याचा कणकेच्या जाड गोळ्यासारखा एक गोळा करतात. वर एक लेबल, खाली एक लेबल. हा गोळा दोन धातूच्या साच्यांमध्ये ठेवून वाफेच्या उष्णतेने आणि प्रचंड दाबाने चेपतात. गोळा पसरतो, साच्यावरची बारीक नक्षी त्यावर उमटते. मग त्याच साच्यांमधून थंड पाणी खेळवतात, तबकडी घट्ट होते, कडेचं जास्तीचं प्लास्टिक कापून टाकतात. एका रेकॉर्डला साधारण अर्धा मिनिट लागतो.

गोची त्या थंड होण्यात आहे. मालाची मागणी जास्त असली की कारखान्याला पाच-सात सेकंद वाचवायचा मोह होतो. तबकडी अजून गरम असतानाच बाहेर काढली, किंवा वरची बाजू आधी आणि खालची नंतर थंड झाली, तर ती आकसताना बशीसारखी होते. कोऱ्या, सीलबंद रेकॉर्डसुद्धा वाकड्या निघतात त्या यामुळेच. ती अजून कोमट असताना कव्हरात भरली आणि वरून प्लास्टिकचं आवरण आवळून बसवलं, तर कड दुमडल्यासारखी होते ती वेगळीच.

"आमची १८० ग्रॅमची आहे, ती नाही वाकत," असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. साधी एलपी १२० ते १४० ग्रॅमची असते, त्या मानाने १८० ग्रॅमची हाताला भारदस्त लागते हे खरं. पण जाड भाकरी आतून उशिरा निवते, तसंच जाड रेकॉर्डचंही आहे. कारखान्याने तिला पुरेसा वेळ दिला नाही तर ती पातळ रेकॉर्डइतकीच वाकते, आणि एकदा वाकली की सरळ करायला जास्त चिवट असते.

पातळ रेकॉर्डचाही एक मजेशीर किस्सा आहे. आरसीए कंपनीने सत्तरच्या दशकाच्या सुमारास 'डायनाफ्लेक्स' नावाच्या अगदी लवचिक, हलक्या रेकॉर्ड काढल्या. त्या वाकणार नाहीत असा कंपनीचा दावा होता. ग्राहकांनी त्यांचं नाव 'डायनावार्प' ठेवलं.

कारखान्यातून सरळ आलेली रेकॉर्ड नंतर घरी किंवा वाटेत वाकते, त्याला कारण एकच, ऊन आणि दाब एकत्र येणं. विनाइल साधारण ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडायला लागतं. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत डॅशबोर्डजवळ एवढं तापमान सहज होतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तर बाहेरच ४५ अंश असतं, तेव्हा पत्र्याच्या कुरिअर व्हॅनमध्ये आतलं काय होत असेल याचा अंदाज करता येतो.

वाकल्याने आवाजाचं काय होतं?

रेकॉर्डच्या एका बाजूला एकच चर असते. बाहेरून सुरू होते आणि गोल गोल फिरत आत लेबलापाशी संपते. एका बाजूला २० मिनिटांचं संगीत असेल तर ती साधारण ६६७ फेरे घेते. उलगडून सरळ केली तर ४०० मीटरपेक्षा लांब भरेल, म्हणजे धावण्याच्या ट्रॅकची एक अख्खी फेरी. या चरीच्या भिंतींवरच्या खाचा माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. पिन त्यांना घासत जाते आणि त्या कंपनांचा आवाज होतो.

आता तबकडी सपाट नसेल तर पिनला या खाचांसोबत डोंगरही चढावे लागतात. चढणीवर पिनचा दाब वाढतो, माथा ओलांडला की कमी होतो. हा दाब मुळात दीड-दोन ग्रॅमचाच असतो, त्यामुळे उतार फार तीव्र असेल तर पिन उडी मारते. दुसरी गोष्ट जरा लक्ष देऊन समजून घ्यायची. टोनआर्मचं एक टोक पक्कं असतं, त्यामुळे पिन वर उचलली जाताना सरळ वर जात नाही, कमानीतून जाते. या कमानीमुळे ती चरीत किंचित पुढे-मागे सरकते. पुढे सरकली की सूर क्षणभर उतरतो किंवा चढतो, मागे आली की उलट. यालाच 'वाव' म्हणतात.

थोडा वाव सॅक्सोफोनवर खपून जातो, कारण सॅक्स वाजवणारा स्वतःच सुरांना ओढत असतो, मींड घेतल्यासारखा. ड्रम्सवर तर कळतही नाही. पियानोवर मात्र लपत नाही. पियानोचा सूर एकदा वाजला की वादकालाही तो वाकवता येत नाही, मग तो वाकलेला ऐकू आला म्हणजे दोष रेकॉर्डचा. तानपुरा ऐकत वाढलेल्या कानाला तर हे पहिल्या मिनिटात खटकतं.

इथे मात्र माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची गोष्ट सांगायलाच हवी. जॅझमधली बहुधा सगळ्यात गाजलेली रेकॉर्ड, १९५९ सालची. २ मार्चला तिच्या पहिल्या बाजूचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा मुख्य टेप मशीन जरा हळू चालत होतं. हळू रेकॉर्ड झालेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो. त्यामुळे 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन' या तिन्ही रचना किंचित चढ्या सुरात जगभर गेल्या. रेकॉर्डसोबत स्वतःचं वाद्य वाजवायला बसणाऱ्यांना सूर जुळवताना त्रास व्हायचा. बाकी लाखो लोकांनी ती तशीच ऐकली, तिच्यावर जीव टाकला. ही चूक दुरुस्त झाली थेट १९९२ मध्ये, दुसऱ्या मशीनवरची टेप वापरून.

तीस-बत्तीस वर्षं कुणाला त्रास झाला नाही, कारण सूर चढा होता पण स्थिर होता. आपला कान स्थिर चूक पोटात घालतो, हलणारी चूक घालत नाही. वाकड्या रेकॉर्डचा त्रास होतो तो यामुळे.

आधी निदान, मग औषध

रेकॉर्ड हलताना दिसली की ती वाकडीच आहे असं लगेच धरू नका. आधी एखादी सरळ असल्याची खात्री असलेली रेकॉर्ड लावून बघा. तीही हलत असेल तर दोष टर्नटेबलच्या चकतीचा किंवा खालच्या मॅटचा. मॅटची कड दुमडलेली असणं हा प्रकार वाटतो त्यापेक्षा खूपदा घडतो.

ती ठीक असेल तर संशयित रेकॉर्ड लावा, डोळे तबकडीच्या पातळीवर आणा आणि टोनआर्मकडे बघा. आर्म वरखाली होत असेल तर रेकॉर्ड वाकडी आहे. आर्म डावी-उजवीकडे झुलत असेल तर रेकॉर्ड अगदी सपाट असूनही मधलं भोक चुकीच्या जागी पाडलंय. हा दुसरा दोष कारखान्यातला असतो आणि तो कोणत्याही दाबाने किंवा उष्णतेने जात नाही. खूप लोक भोक चुकलेली रेकॉर्ड वाकडी समजून तापवतात, आणि मग हातात दोन दोष असलेली रेकॉर्ड उरते.

भोक चुकल्याचा परिणाम साधा गणिताचा आहे. भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल तर रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात, जिथे चरीची त्रिज्या साधारण ६ सेंटिमीटर असते, तिथे सूर ०.८ टक्क्यांनी एकदा वर आणि एकदा खाली जातो. सा आणि कोमल रे यांच्यातलं जे अंतर, त्याचा हा साधारण सातवा हिस्सा. बाहेरच्या कडेला हाच परिणाम निम्म्याहून कमी असतो. म्हणजे पहिलं गाणं ठीक आणि शेवटचं भिरभिरतंय, तर आधी भोकाकडे बघायचं.

थरथर मोजताही येते. ३३⅓ आरपीएमला एक फेरा १.८ सेकंदांचा असतो. थरथर बरोबर त्या तालात येत असेल तर ती रेकॉर्डची. कशीही, कधीही येत असेल तर टर्नटेबलचा पट्टा किंवा मोटर तपासून घ्या.

अजून एक खूण. आवाज ठीक आहे, पण स्पीकरचा मोठा पडदा हळूहळू आत-बाहेर होतोय. वाकलेपणाची ही कंपनं इतकी संथ असतात की कानाला ऐकू येत नाहीत, पण ॲम्प्लिफायर ती इमानेइतबारे मोठी करतो. ॲम्प्लिफायरवर 'सबसॉनिक' किंवा 'रम्बल' फिल्टरचं बटण असेल तर ते दाबलं की बहुतेक वेळा हा प्रश्न मिटतो.

या सगळ्यानंतर ज्या रेकॉर्ड उरतात, त्यातल्या बऱ्याच बशीसारख्या एकसारख्या वाकलेल्या असतात. दिसायला वाईट, वाजायला ठीक. पिन संथ लाटेवर आरामात चढते-उतरते. अशा रेकॉर्डला हात लावू नये, कव्हरात घालावी, पुढच्या वेळी पुन्हा ऐकावी. खरा त्रास देतात त्या अरुंद, टोकदार लाटा, जिथे कड एकाच जागी चिमटा काढल्यासारखी उचलली गेलेली असते. उंची कमी असली तरी उतार तीव्र असतो.

जॅझवाले एवढे हळवे का?

फिल्मी गाण्याची रेकॉर्ड वाकडी निघाली तर दुसरी बघता येते. जुन्या जॅझचं गणित वेगळं आहे.

'ब्लू नोट' या कंपनीचंच उदाहरण घ्या. बर्लिनहून न्यूयॉर्कला आलेल्या आल्फ्रेड लायनने मॅक्स मार्ग्युलिससोबत १९३९ मध्ये ही सुरू केली. पुढे त्याचा लहानपणीचा मित्र, फोटोग्राफर फ्रान्सिस वोल्फ येऊन मिळाला. पन्नासच्या दशकात त्यांची बरीचशी रेकॉर्डिंग्ज न्यू जर्सीच्या हॅकनसॅक गावात एका घराच्या दिवाणखान्यात झाली. घर होतं रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांचं. हा गडी दिवसा डोळे तपासायचा आणि उरलेल्या वेळात जॅझ रेकॉर्ड करायचा.

या कंपनीच्या पहिल्या खेपेच्या रेकॉर्ड 'प्लास्टिलाइट' नावाच्या कारखान्यात निघायच्या. संगीत संपल्यानंतर लेबलाच्या आधी जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यात या कारखान्याची वळणदार 'पी' अशी खूण असते. ती कानासारखी दिसते, म्हणून संग्राहक तिला 'इअर' म्हणतात. १९६५ मध्ये ब्लू नोट लिबर्टी कंपनीला विकली गेली आणि त्यानंतर लवकरच हा कान गायब झाला. आज जगभरचे लोक भिंग आणि टॉर्च घेऊन हा कान आणि शेजारची 'आरव्हीजी' ही व्हॅन गेल्डरची अक्षरं शोधत असतात. हँक मोब्लीच्या १५६८ क्रमांकाच्या ब्लू नोट एलपीची मूळ प्रत हजारो डॉलरला गेलेली आहे.

अशी प्रत वाकडी असेल तर बदलून कुठून आणणार? ती सरळ करताना बिघडली, तर जगातली एक प्रत कमी झाली.

त्यातही एक मेख आहे. आजच्या बहुतेक रेकॉर्डची बाहेरची कड आणि मधला लेबलाचा भाग किंचित जाड असतो, मधली चरींची जागा खोलगट. एकावर एक ठेवल्या तरी चरी एकमेकींना घासू नयेत म्हणून ही युक्ती पन्नासच्या दशकाच्या मध्यात आरसीएने आणली आणि हळूहळू बाकीच्यांनी उचलली. अशी रेकॉर्ड दोन सपाट काचांमध्ये दाबली तर दाब कडेवर आणि लेबलावर येतो, चरी वाचतात. पण ब्लू नोटच्या सुरुवातीच्या, म्हणजे सगळ्यात महागड्या एलपींना ही जाड कड नसते. संग्राहक त्यांना 'फ्लॅट एज' म्हणतात. त्यांच्या बाबतीत काच सरळ चरींवरच टेकते. म्हणजे जी रेकॉर्ड सगळ्यात अनमोल, तिलाच घरगुती उपाय सगळ्यात घातक.

घरगुती उपायांचा हिशेब

इस्त्रीबद्दल फार बोलायला नको. तिचं सगळ्यात कमी तापमानसुद्धा विनाइलला झेपत नाही.

ओव्हनचा मुद्दा जरा फसवा आहे, कारण कल्पना चुकीची नाही. रेकॉर्ड मऊ होईपर्यंत तापवायची, दाबायची, थंड करायची. कारखान्यात तेच होतं. पण घरचा ओव्हन ६० अंशांवर लावला म्हणजे आत ६० अंश असतात असं नाही. कॉइल चालू-बंद होते, तापमान वर जातं, खाली येतं. आणि रेकॉर्ड सपाट व्हायला लागणारं तापमान आणि चरीतल्या बारीक खाचा विरघळायला लागणारं तापमान यांच्यात अंतर फार थोडं आहे. सगळ्यात बारीक खाचा असतात त्या उंच आवाजांच्या. त्या आधी जातात. रेकॉर्ड आरशासारखी सपाट होते, आणि वाजवली की झांजेची चमक गेलेली, पाठीमागे सतत सरसर. डोळ्याला दुरुस्ती दिसते, कानाला तोटा कळतो.

दोन काचा आणि ऊन ही आपल्याकडची सगळ्यात लोकप्रिय आयडिया, कारण ऊन फुकट आहे. पण काळी तबकडी आणि वर काच म्हणजे सोलर कुकरच झाला. आत किती तापलंय हे कळायला काही साधन नसतं. ढग आला की वेगळं, गेला की वेगळं.

जाड पुस्तकांखाली ठेवणं त्यातल्या त्यात निरुपद्रवी. दोन सपाट, स्वच्छ पृष्ठभागांमध्ये कागदी कव्हरासकट ठेवायची आणि काही महिने विसरून जायचं. हलकीशी बशी कधी कधी थोडी बसते, कधी ढिम्म हलत नाही. फ्लॅट एजवाली असेल तर हेही नको.

खरंच काही चालतं का?

चालतं, आणि त्यातलं पहिलं तर रेकॉर्डला काहीच करत नाही. टर्नटेबलच्या मधल्या खुंटीवर ठेवायचं वजन किंवा क्लॅम्प मिळतो. बशीसारख्या रेकॉर्डची एक बाजू घुमटासारखी असते, मधोमध उचललेली. त्या बाजूला मधलं वजन छान काम करतं. उलटी बाजू लावली की कडा वर येतात, तिथे मधल्या वजनाचा उपयोग नाही, कडेवर बसणारी धातूची रिंग लागते. किंवा लेबलाखाली छोटी चकती ठेवून वरून स्क्रूचा क्लॅम्प आवळायचा, कडा आपोआप खाली येतात. महागड्या टर्नटेबलमध्ये हवा शोषून रेकॉर्ड चकतीला चिकटवण्याची सोयसुद्धा असते. वाजून झालं की रेकॉर्ड परत आपल्या मूळ आकारात. एकच पथ्य, हलक्या किंवा स्प्रिंगवर टांगलेल्या टर्नटेबलवर जड वजन ठेवायचं नाही, त्याचं बेअरिंग झिजतं.

कायमची दुरुस्ती हवी असेल तर रेकॉर्ड सपाट करण्याची खास यंत्रं आहेत. जपान, अमेरिका आणि युरोपात ती बनतात. ती ओव्हनपेक्षा वेगळी दोन गोष्टींत. तापमान एका ठरलेल्या आकड्यावर स्थिर राहतं, आणि थंड होण्याची क्रिया दाबाखालीच, सावकाश, कधी कधी काही तास चालते. रेकॉर्ड मुळात घाईने थंड झाल्यामुळे वाकली होती, म्हणून इथे तिला तो राहिलेला वेळ दिला जातो. एकसारख्या बशीवर हे चांगलं लागू पडतं. चिमटा काढल्यासारख्या कडेवर मात्र यंत्रही बऱ्याचदा हात टेकतं, कारण तिथलं प्लास्टिक ताणलं गेलेलं असतं.

यंत्र महाग आहे, एका रेकॉर्डसाठी कुणी घेत नाही. ओळखीच्या संग्राहकाकडे किंवा दुकानात असेल तर आधी एखादी टाकाऊ रेकॉर्ड त्यात घालून बघावी, मग मोब्ली.

विकत घेतानाच अर्धी लढाई

ऑनलाइन रेकॉर्ड विकणारे बहुतेक जण 'गोल्डमाइन' या अमेरिकी मासिकाची प्रतवारी वापरतात. मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी आणि पुढे खाली. यात एक कलम लोक वाचतच नाहीत. आवाजावर परिणाम न करणारा थोडा वाकडेपणा व्हीजी प्लसमध्ये चालतो. म्हणजे विकणाऱ्याने 'व्हीजी प्लस' लिहिलं आणि वाकडी रेकॉर्ड पाठवली, तर तो खोटं बोललेला असेलच असं नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी दोन ओळींचा मेसेज टाकावा. रेकॉर्ड सपाट आहे का? फिरताना बाजूने काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ मिळेल का? चांगला विक्रेता आनंदाने पाठवतो. टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नये, कारण अमेरिकेला किंवा जपानला रेकॉर्ड परत पाठवण्याचा खर्च कधी कधी रेकॉर्डच्या किमतीइतका होतो.

ज्यांना मूळ प्रतीचा हट्ट नाही त्यांची मात्र चैन आहे. ब्लू नोटने २०१९ पासून 'टोन पोएट' मालिकेत जुन्या एलपी मूळ टेपवरून नव्याने काढल्यात. जपानच्या किंग आणि तोशिबा कंपन्यांच्या जुन्या आवृत्त्याही आहेत. त्यातही वाकडी निघू शकते, पण बदलून मिळते किंवा दुसरी घेता येते. जीव टांगणीला लागत नाही.

मुंबई-गोव्यातल्या घरांमध्ये

जॅझ मुंबईला नवी नाही. तीसच्या दशकात ताजमहाल हॉटेलमध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी कलाकारांचे बँड वाजत होते. गोव्याच्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ इथे 'चिक चॉकलेट' झाला, लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, आणि सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'च्या संगीतात त्याचा हात होता. १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांनी सतारवादक रईस खान यांना घेऊन 'राग-जॅझ स्टाइल' ही एलपी काढली, तिच्या मूळ प्रतींना आज परदेशातून मागणी असते.

या शहरात आणि गोव्यात जुन्या घरांच्या माळ्यांवर म्हणूनच अजून अशा रेकॉर्ड सापडतात. माळा ही त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट जागा. वर तापलेलं छप्पर, खाली आडव्या रचलेल्या पन्नास रेकॉर्डचा भार. वरच्या तापतात, खालच्या चेपतात. रेकॉर्ड पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या, कललेल्या नकोत, आणि इतक्या दाटीनेही नकोत की एक काढायला ओढाताण व्हावी. पश्चिमेच्या भिंतीला, टीव्हीच्या वर, फ्रिजच्या मागे नको.

पावसाळ्यात आणखी एक पाहुणा येतो, बुरशी. रेकॉर्डवर पांढरे ठिपके दिसले तर मऊ कापड, डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचा एखादा थेंब, चरींच्या दिशेने पुसायचं, लेबल भिजू द्यायचं नाही. आतलं कागदी कव्हर बुरसटलेलं असेल तर ते टाकून नवं घालायचं. स्पिरिट किंवा अल्कोहोल लाखेच्या जुन्या ७८ आरपीएम रेकॉर्डला चुकूनही लावायचं नाही, लाख त्यात विरघळते. आणि आजोबांच्या काळातली जाड, चिकट, पारदर्शक पीव्हीसीची कव्हरं असतील तर तीही काढून टाकलेली बरी. वर्षानुवर्षं चिकटून राहिली की ती विनाइलवर धुकट डाग सोडतात, आणि तो डाग पुसून जात नाही.